गाडी बसवायचे दिवस

आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये परवा सकाळी एका मोटारसायकलीला हिवाळ्यापुरतं झोपवण्याचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम म्हणायचं कारण, त्याला प्रेक्षक होते. सातव्या मजल्यावरचे तरुण गृहस्थ कॉफीचा मग घेऊन उभे होते, त्यांची पत्नी मोबाइलवर सगळं टिपत होती आणि एकसारखे काळे टी-शर्ट घातलेले दोन कारागीर गुडघ्यांवर बसून पाय पुसावेत तशी गाडीची चाकं पुसत होते. दिवाळीपासून ही गाडी फार तर चार रविवार बाहेर पडली असेल, तीही नाश्त्याला. तरी तिच्या बॅटरीला एक यंत्र जोडलं होतं आणि त्यावर अतिदक्षता विभागात लुकलुकतो तसा हिरवा दिवा लुकलुकत होता. वरून लाल किनारीची काळी झूल. दिल्लीतल्या मयूर विहारच्या धुरकट डिसेंबरात इतकी काळजी इथे माणसांचीही कोणी घेत नाही.

मी मेथीची जुडी हातात घेऊन थांबले. थांबायला नको होतं.

“भैया, साइलेंसर का मुँह बंद किया? चूहा घुस जाता है.”

“आंटी, ये इम्पोर्टेड है,” त्यातला एक म्हणाला.

“चूहा तो देसी है.”

तो हसला. मग मालकांची नजर चुकवून त्याने खिशातून एक फडकं काढलं आणि सायलेन्सरच्या तोंडात कोंबलं. “आपको कैसे मालूम?” त्याने हळूच विचारलं. मेथी निवडायची आहे, असं काहीतरी पुटपुटून मी लिफ्टकडे वळले.

वर येऊन मेथी खरंच निवडली. पण बोटांना रॉकेलचा वास येतोय असं सारखं वाटत राहिलं.

माझं लहानपण आर. के. पुरमच्या तळमजल्यावरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टरला मागे वीतभर अंगण होतं. अंगणात तुळस, कपडे वाळत घालायची तार आणि बाबांची मोटारसायकल. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी ‘ठेवत’ नसत, ‘बसवत’. गणपती बसवतात, घट बसवतात, तशी. दत्तजयंती झाली की येणाऱ्या रविवारी गाडी बसायची आणि वसंत पंचमीला उठायची. सगळी दिल्ली स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून, कानटोपी ओढून, धुक्यात वाट चाचपडत दुचाक्या हाकायची. आमच्या घरची तेवढी झोपलेली असायची.

याला कारण एक हातगाडी. मी शाळेत असताना जानेवारीतल्या एका सकाळी रिंग रोडवर बाबा धुक्यात फुलकोबीच्या एका उभ्या हातगाडीवर जाऊन आदळले होते. हनुवटीला तीन टाके पडले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण हातगाडीवाल्याने त्यांना रस्त्याकडेला बसवून पाणी पाजलं आणि “बाबूजी, ठंड में घर बैठा करो” असं सांगितलं, ते लागलं. सरकारी माणसाला सल्ला आवडत नाही, धोरण आवडतं. बाबांनी त्या सल्ल्याचं धोरण केलं.

धोरण म्हटलं की टिपणी आली. दिवसभर कचेरीत इंग्रजीत शेरे लिहून कंटाळलेला हा माणूस घरची टिपणी मात्र मराठीत लिहायचा, फूलस्केप कागदावर, समास सोडून. ‘विषय: मोटारसायकल हिवाळ्यापुरती बसवणे.’ खाली क्रमवार कलमं. शेवटी दोन ओळी ठरलेल्या: ‘काम करणार: नंदा. देखरेख: स्वतः.’ आणि सही, तारखेसकट. आई म्हणायची, “माझं ऑपरेशन झालं तेव्हा एवढं लिहिलं नव्हतंत.” बाबा गंभीरपणे म्हणायचे, “तुझं डॉक्टरांनी लिहिलं होतं.”

नंदा म्हणजे मी. मला भाऊ नाही. असता तर त्या ओळीत माझं नाव आलं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याचा अभिमान बाळगला.

तो दिवस मला अजून अंगभर आठवतो. ट्रंकेतून नुकत्याच काढलेल्या रजयांना डांबरगोळ्यांचा वास यायचा आणि त्या बाहेर उन्हात पसरलेल्या असायच्या. समोरच्या गच्चीवर कोणीतरी शेंगदाणे सोलत रेडिओ ऐकायचं. मी कोमट पाण्याने गाडी धुवायची, कापडाने टिपायची आणि ती उन्हात वाळेपर्यंत जुन्या दातब्रशने, रॉकेलमध्ये बुडवून, साखळीची एकेक कडी घासायची. टाकी रिकामी करायची. मग इंजिन चालू करून उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत ते तसंच घुरघुरत ठेवायचं. शेवटी ते दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. मग प्लग काढायचा, आईने टाकून दिलेल्या चहाच्या चमच्याने एक चमचा तेल आत सोडायचं आणि किक हाताने सावकाश दाबायची, म्हणजे तेल आत सगळीकडे माखतं. बॅटरी काढून फळीवर. टोकांना व्हॅसलीन. मधल्या स्टँडवर गाडी चढवायची, खाली विटा, म्हणजे टायरवर भार नको. वर सुती चादर, प्लास्टिक कधी नाही. प्लास्टिकला घाम येतो आणि गाडी गंजते.

बाबा वेताच्या खुर्चीवर बसून एकेका कलमापुढे बरोबरची खूण करायचे.

शेजारचे मल्होत्रा अंकल दरवर्षी कुंपणावरून डोकवायचे. “ओ पंडितजी, इसके मुँह में गंगाजल भी डाल दो!”

“मल्होत्रासाहब, फरवरी में देखना. एक किक.”

आणि खरंच, दरवर्षी वसंत पंचमीला पहिल्या, फार तर दुसऱ्या किकला गाडी सुरू व्हायची. किक बाबांची. टाळ्या मल्होत्रा अंकलच्या. मी हातात फडकं घेऊन उभी.

चालवायला मात्र त्यांनी मला कधी शिकवलं नाही. मी त्या गाडीवर मागे बसले असेन शेकडो वेळा, पुढे एकदाही नाही. दहावीला मागितलं तेव्हा, “पाय तर पुरू देत.” कॉलेजात, “पदवी घे आधी.” पदवी मिळाली तेव्हा, “नोकरी लागली की शिकवतो, अगदी नक्की.” बाबा खोटं बोलणारे नव्हते. ते प्रकरण पुढच्या तारखेला ठेवत.

नोकरी लागली ती त्या नव्या दिवसांत. देशाची दारं उघडली असं सगळे म्हणत होते. नोएडात शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक इमारतीचं उद्घाटन कोणीतरी मोठा माणूस करत होता, आत पाणी आलेलं नसलं तरी. अशाच एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत मी पत्रव्यवहार बघायला लागले. आमच्या दारात आखूड हिरवळ होती, कारंजं होतं, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह पुढच्या वर्षी होणार होतं.

आर. के. पुरमहून तिथे जायला दोन बस लागत. पावणेदोन तास. धुकं पडलं की अडीच. त्या वर्षी मला दिल्लीचं धुकं आतून कळलं. त्यात बसचा नंबर दिसत नाही, म्हणून स्टॉपवरची सगळी माणसं प्रत्येक बसमागे धावतात. आत लोकरीचा, घामाचा, बिडीचा कोंदट वास, आणि काचा वाफेने आंधळ्या झालेल्या. बाहेरचं काही दिसत नाही आणि आतलं कोणी बघत नाही, हे काही पुरुषांना फार सोयीचं असतं. मी ओढणीला दोन सेफ्टी पिना लावून जायची, एक ओढणीसाठी आणि एक हातात धरायला. आईला हे माहीत होतं. पिना तीच आणून द्यायची. ती नुसतं “संपल्या का गं?” असं विचारायची, जसं मिठाबद्दल विचारतात.

मला ती मोटारसायकल हवी होती. हौस म्हणून नाही. ऐट म्हणूनही नाही, म्हणजे थोडी ऐट असेलही. पण मुख्य म्हणजे मला माझ्या आणि जगाच्या मध्ये दोन हातांचं अंतर हवं होतं, आणि ते त्या गाडीवर मिळत होतं.

दिवाळीत मी बाबांना पुन्हा विचारलं. “आता थंडी आली,” ते म्हणाले. “वसंत पंचमीला उठवली की शिकवतो. वचन.” त्याच सुमारास दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात बाबांचं भाषण झालं. विषय होता, नवी अर्थव्यवस्था आणि स्त्री. तिच्यासाठी आता एकही दार बंद राहणार नाही, असं ते म्हणाले. छान बोलले. त्यांना शाल आणि नारळ मिळाला. परतताना त्यांनी गाडी चालवली, आई मागे बसली, शाल आईच्या मांडीवर. मी बसने आले, नारळ घेऊन.

त्या डिसेंबरात दत्तजयंतीनंतरच्या रविवारी मी चमचाभर तेल घेऊन प्लगच्या भोकावर वाकले होते. बाबा खुर्चीवर. पेट्रोल संपलं होतं, कलम पाच चालू होतं.

“तेल नीट घाल हं,” बाबा म्हणाले. “या वेळी जरा जास्त नीट. श्रीरंगला द्यायचीय.”

श्रीरंग म्हणजे पुण्याच्या काकांचा मुलगा, माझ्याहून वर्षाने मोठा. त्याला गुडगावच्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली होती आणि तो फेब्रुवारीत रुजू होणार होता. हे मला माहीत होतं. त्यापुढचं नव्हतं.

“द्यायचीय म्हणजे?”

“अगं, तिकडे गुडगावला नुसती माती आहे. बस नाही, काही नाही. मुलगा जाणार कसा?”

“मी नोएडाला कशी जाते?”

“तुला चार्टर्ड बस लावून देतो. सगळ्या ऑफिसला जाणाऱ्या बायका असतात. विणकाम करत जातात.”

“बाबा, तुम्ही वचन दिलं होतं.”

त्यांनी टिपणी मांडीवर ठेवली. ते चिडले नाहीत, ते चिडत नसत. “नंदा, मुलींनी मोटारसायकल चालवू नये असं मी म्हणतच नाही. चालवावी. पण सुरुवात आपल्याच घरातून कशाला?”

आई तारेवर कपडे घालत होती. तिने एक कपडा झटकला, जरा जोरात. बस.

चमचा माझ्या हातातच होता. त्या क्षणी मला काय काय सुचलं ते मला आजही स्पष्ट आठवतं. तेल घालू नये. आत दोन महिन्यांत गंज धरेल. प्लग नीट आवळू नये. सायलेन्सर उघडा ठेवावा, अंगणात उंदीर होतेच. बॅटरी फळीऐवजी ओल्या फरशीवर. कोणाला कळणार नव्हतं. देखरेख करणाऱ्या माणसाला खूण कशावर करायची ते ठाऊक होतं, काम कसं होतं ते नाही.

मी तेल घातलं. चमचा न हलवता, धार मोडू न देता. किक सावकाश दोनदा दाबली. प्लग हाताने फिरवून मग पान्याने पाव आटा आवळला. उरलेली सगळी कलमं केली आणि बाबांनी सगळ्यांपुढे खुणा केल्या. मला वाटलं, हा माझा मोठेपणा. पुढची बरीच वर्षं तसं वाटत राहिलं. आता वाटतं की चांगलं काम करायची सवयही माणसाला वाकवायला पुरेशी असते. रागवायला वेळ लागतो. हात आधीच कामाला लागलेले असतात.

पुढे मी कार शिकले. नोएडातच दुसरी, तिसरी नोकरी झाली. बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्या ऑफिसच्या सहकारी सोसायटीत, इथे मयूर विहारला, आम्हाला हा फ्लॅट मिळाला. आई इथेच गेली. दाराशी आता मेट्रो आहे आणि तिच्यात बायकांचा स्वतंत्र डबा आहे. पहिल्यांदा त्या डब्यात बसले तेव्हा माझं वय पन्नाशीकडे झुकलं होतं आणि माझा हात उगाचच ओढणीच्या टोकाशी गेला होता.

बाबा आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. परवा मेथी निवडताना मी त्यांना खाली बघितलेलं सगळं सांगितलं. काळी झूल, हिरवा दिवा, उंदीर. ते खूप हसले. मग गॅलरीतल्या उन्हात डोळे मिटून म्हणाले, “तुला काय गाडीची हौस होती! शिकवली होती ना मी तुला?”

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी म्हटलं, “हो.”

म्हटलं खरं. पण त्यानंतर दोन दिवस मला ती वसंत पंचमी सोडेना.

त्या सकाळी आईने पिवळा भात केला होता. बाबांनी कोट घातला होता. आदल्या दिवशी, शनिवारी, मी एकटीने गाडी उठवली होती. विटा काढल्या, बॅटरी जोडली, नवीन पेट्रोल भरलं, इंजिन चालू करून बघितलं आणि बंद केलं. श्रीरंग नवी बॅग घेऊन, नवे बूट घालून आला. तो वाईट मुलगा नव्हता. “नंदा, काय चमकवलीयस!” म्हणाला आणि खरंच मनापासून म्हणाला. बाबांनी हँडलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मल्होत्रा अंकल कुंपणापाशी हजर होतेच. मग बाबांनी छोटंसं भाषण केलं, नव्या पिढीच्या हाती, वगैरे. श्रीरंगने किक मारली, गाडी सुरू झाली, टाळ्या झाल्या, आणि तो फाटकातून बाहेर पडला.

टाकीच्या पोटाखाली पेट्रोलची एक लहानशी चावी असते. गाडी थांबवली की ती बंद करायची, ही बाबांची शिस्त, आणि मी आदल्या दिवशी ती पाळली होती. चावी बंद असली तरी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी सुरू होते, किलोमीटरभर ऐटीत पळते आणि मग मरते. श्रीरंगचा हात त्या चावीकडे गेला नाही, हे मी पाहिलं. भाषणाच्या भरात बाबाही विसरले. मी गप्प राहिले. आयुष्यात केलेलं माझं एवढंच बंड. ते कसलं बंड, नुसतं न बोलणं.

पंधरा-वीस मिनिटांनी तो गाडी ढकलत परत आला. कपाळावर घाम, बुटांवर धूळ. मल्होत्रा अंकलनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “पंडितजी,” ते हसत म्हणाले, “इस बार लड़की का दिल नहीं था.”

श्रीरंग कपाळ पुसत म्हणाला, “काका, राहू दे ना. जुनी झालीय बहुतेक. तसंही कंपनीची बस आहे मला, नाक्यावरून न्यायला येते.”

बस आहे. नाक्यावरून. न्यायला.

मी काहीच करायचं नव्हतं. दोन मिनिटं, फार तर पाच, जशी उभी होते तशीच उभी राहिले असते तर त्याने स्टँड लावला असता, हात धुतले असते, पिवळा भात खाल्ला असता, आणि गाडी अंगणात राहिली असती. माझ्यासाठी.

बाबांचा चेहरा उतरला होता. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर, हळू आवाजात म्हणाले, “नंदा, यंदा तू नीट बसवली नव्हतीस.”

“बसवली होती,” मी म्हटलं.

“मग?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि अगदी बारीक, कोणाला दिसणार नाही अशी, मानेने नाही म्हणत होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण मी काय करणार ते तिला कळलं होतं.

मी खाली वाकले, चावी उघडली. पेट्रोल खाली उतरायला लागतो तेवढा वेळ मनात आकडे मोजले. मग उभी राहिले आणि स्वतः किक मारली. पहिल्याच किकला गाडी बोलली, स्वच्छ, एकही खोकला न काढता. नीटच बसवली होती.

“बघितलंस श्रीरंगा!” बाबा ओरडले. “अशी असते आमच्याकडची गाडी!” अंकलनी टाळ्या वाजवल्या. आई आत निघून गेली.

हँडल माझ्या दोन्ही हातांत थरथरत होतं. श्रीरंगला बसायचं होतं. मी बाजूला सरकले.